फुलबॅकचा हिशोब जोडीदारासकट कसा मांडायचा

मागच्या रविवारी प्रॅक्टिस मॅच संपल्यावर एका पालकांनी मला फाटकाशी गाठलं. "मास्तर, खरं सांगा, आमच्या पोराला दहापैकी किती?" पोरगा हॉकी खेळतो, डावा फुलबॅक, म्हणजे मागं राहून गोल राखणाऱ्या दोघांतला डावीकडचा. मी म्हटलं, उजवीकडच्याला किती द्यायचे ते आधी ठरू द्या, मग सांगतो. त्यांना वाटलं, मी टाळतोय. साताऱ्यात लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण चेहऱ्यावरून कळतं.

मी मास्तर आहे तो शाळेतला नव्हे. एस.टी.त कंडक्टर होतो, आणि कंडक्टरला गाडीत सगळे मास्तरच म्हणतात. निवृत्त झाल्यावर मैदानावर यायला लागलो तर पोरांनीही तेच उचललं. तरुणपणी मी फुलबॅक खेळलोय, त्या काळच्या पाच-तीन-दोनमध्ये. पुढं पाच फॉरवर्ड, मधल्या फळीत तीन हाफ आणि मागं आम्ही दोघंच. आता मागं चौघं असतात, पण मधल्या दोघांचं काम तेच राहिलंय. त्या दोघांतल्या एकाची कामगिरी कशी तोलायची, एवढंच इथं लिहितोय. वही, पेन्सिल आणि तीन-चार मॅचेस एवढं भांडवल पुरतं.

आधी उभं कुठं राहायचं ते ठरवा. पालक सावली बघून मध्यरेषेपाशी बसतात. तिथून कोण पुढं, कोण मागं एवढं कळतं, पण दोघांच्या मधली फट दिसत नाही. गोलच्या बरोबर मागं उभं राहिलं तर फट दिसते, पण खोली कळत नाही. म्हणून मी कोपऱ्यातल्या झेंड्याच्या मागं पाच-सात पावलांवर, तिरका उभा राहतो. तिथून दोन्ही दिसतं आणि दोघांचं बोलणंही ऐकू येतं. हाफ टाइमला बाजू बदलली की आपणही आपल्या गोलबरोबर चालत जायचं. आळस केला तर अर्ध्या मॅचचा हिशोब गेला.

आता मोजायचं काय? गोल मोजून उपयोग नाही. शाळेच्या मॅचला दोन-तीन गोल होतात, त्यातला एक खडा लागून उसळलेल्या बॉलवर. एवढ्यावरून कुणाची परीक्षा घेणार? मी फेरी मोजतो. समोरच्यांनी बॉल घेऊन आपली २३ मीटरची रेघ ओलांडली की एक फेरी सुरू. जुने लोक हिलाच पंचवीस यार्डाची रेघ म्हणतात. बॉल बाहेर गेला, शिट्टी झाली किंवा आपण तो रेघेच्या पलीकडं काढला की फेरी संपली. एस.टी.त टप्प्याटप्प्यानं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायचो, तसंच प्रत्येक फेरीला एक ओळ.

त्या ओळीत पाच रकाने. पहिला कोण गेला? म्हणजे बॉलवर कुणी पाऊल टाकलं, त्याचा शर्ट नंबर. त्याचं काय झालं? 'घेतला', 'अडवला' किंवा 'सुटला'. दुसरा त्या वेळी कुठं होता? 'मागं तिरका', 'रेषेत', 'लांब' किंवा 'गायब'. फेरीचा शेवट काय झाला? डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धगोलात, फटका बसला, पेनल्टी कॉर्नर मिळाला किंवा गोलसमोर बॉल मोकळा पडला तर 'धोका', नाहीतर रेघ मारायची. आणि आपण बॉल जिंकला असेल तर पहिला पास कुणाकडं गेला? आपल्याकडं, त्यांच्याकडं की लाइनबाहेर?

यात 'अडवला' हा शब्द नवीन माणसाला पटत नाही. त्याला एकतर टॅकल दिसतो, नाहीतर मात खाल्लेली दिसते. पण चांगला बॅक निम्म्या वेळा बॉल घेतच नाही. तो समोर उभा राहतो, स्टिक खाली ठेवून मागं मागं सरतो, फॉरवर्डला तीन सेकंद अडकवतो. तेवढ्यात हाफ मागं येतो आणि बॉल काढून नेतो. टाळ्या हाफला मिळतात. वहीत मात्र 'अडवला' बॅकच्या नावावर लिहायचं.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच लिहायला सगळ्यात अवघड, कारण त्यासाठी बॉलवरची नजर काढावी लागते. मला ही सवय लागायला पूर्ण एक मोसम गेला. सुरुवातीला एक क्वार्टर ठरवून बॉल बघायचाच नाही. आवाजावरून बॉल कुठं आहे ते कळतं. आपण बघायचं ते ज्याच्याकडं बॉल नाही त्या बॅककडं.

एक प्रसंग जवळून सांगतो. आमच्याकडं डावीकडं तीन नंबर आणि उजवीकडं पाच नंबर. नावं लिहीत नाही, पोरं लहान आहेत, एस.टी.तही आम्ही एकमेकांना बिल्ला नंबरनंच ओळखायचो. मुरमाचं मैदान, सकाळचं ऊन तिरकं. समोरचा राइट इन, म्हणजे त्यांचा उजवीकडचा आतला फॉरवर्ड, बॉल घेऊन तीन नंबरच्या अंगावर आला. तीन नंबरनं डावा पाय पुढं टाकला आणि जॅब मारला, म्हणजे स्टिक झटक्यात पुढं खुपसली. बॉल एका खड्यावरून दोन बोटं उचलला, त्याच्या स्टिकवरून गेला. सगळं मैदान ओरडलं. पण माझी नजर पाच नंबरवर होती. जॅब बसायच्या आधीच, म्हणजे तीन नंबरचा खांदा खाली झुकला तेव्हाच, पाच नंबरनं दोन पावलं डावीकडं टाकली होती आणि स्वतःच्या माणसाकडं एकदा मान वळवून बघितलं होतं. बॉल उसळला, राइट इन आनंदानं आत घुसला आणि थेट पाच नंबरच्या सरळ स्टिकवर येऊन थांबला. वहीतली ओळ अशी झाली: पहिला ३, सुटला, दुसरा ५, मागं तिरका, शेवट रेघ, पास आपल्याकडं. बाकीच्यांच्या डोक्यात काय राहिलं? 'तीन नंबर परत गंडला.'

आता दुसरी बाजू. कव्हर घेणारा, म्हणजे जोडीदाराच्या मागची जागा राखणारा, जितका आत सरकेल तितका त्याचा स्वतःचा माणूस मोकळा राहतो. म्हणून 'मागं तिरका' म्हणजे आमच्या पोरांच्या हिशोबानं पाच-सात पावलं. त्याहून जवळ, एका रेषेत आला, तर मधून मारलेल्या एका पासनं दोघंही कापले जातात. त्याहून लांब राहिला तर पहिल्याला चुकवून आलेल्या फॉरवर्डला बॉल नीट करून घ्यायला वेळ मिळतो. ऑफसाइड होता तेव्हा आम्ही दोघं पुढं सरकून फॉरवर्डला अडकवायचो. तो नियम नव्वदच्या दशकातच गेला, तरी काही जुने प्रशिक्षक अजून बॅकना रेषेत उभं करतात. वहीत 'रेषेत' जास्त दिसायला लागलं की पोरांना बोल लावायच्या आधी त्यांना काय सांगितलंय ते विचारा.

उलट्या बाजूचा अन्याय

आता माझी चूक सांगतो. चार मॅचच्या ओळी मोजल्या तर तीन नंबरच्या पुढं 'सुटला' नऊ वेळा आणि पाच नंबरच्या पुढं दोन वेळा. मी मुख्य प्रशिक्षकांना सांगायलाच निघालो होतो की उजवा आपला कणा, डावा बदलायचा.

सांगायला निघालो आणि वाटेत आठवलं की मी स्वतः उजवा खेळायचो आणि माझाही डावा जोडीदार कायम शिव्या खायचा.

हॉकीची स्टिक एकाच हाताची असते, डावरी स्टिक चालत नाही. फॉरवर्ड बॉल स्वतःच्या उजव्या पायापुढं ठेवून धावतो. त्याच्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या बॅकला तो बॉल डावीकडं, म्हणजे उलट्या स्टिकच्या, स्टिक फिरवून खेळावं लागतं त्या बाजूला येतो. आता समोरचा आपल्या डाव्या बॅकला बाहेरून, लाइनच्या बाजूनं काढायला गेला तर तो नेमका बॅकच्या उलट्या बाजूनं जातो, आणि तिकडं कव्हरला कुणी नसतं, पुढं फक्त चुन्याची रेघ. उजव्या बॅकची उलटी बाजू मैदानाच्या आत येते, आणि आत त्याचा जोडीदार उभा असतो. उजव्याला बाहेरून काढायला गेलं तर बॉल त्याच्या सरळ स्टिकवर येतो. म्हणजे खेळाची रचनाच अशी की डाव्याच्या चुका उघड्यावर पडतात आणि उजव्याच्या झाकल्या जातात. शिवाय बहुतेक संघांना आपल्या उजवीकडून चढाई सोयीची पडते, म्हणजे काम डाव्यालाच जास्त.

म्हणून डाव्याला टॅकलवरून तोलू नका. तो उभा कसा राहतो ते बघा. शहाणा डावा बॅक लाइनच्या बाजूला अर्धं पाऊल जास्त सरकून उभा राहतो, बाहेरचा रस्ता बंद करतो आणि फॉरवर्डला आत, स्वतःच्या सरळ स्टिककडं आणि जोडीदाराकडं यायला लावतो. फॉरवर्ड आत आला की डाव्याचं काम झालं, मग बॉल कुणी का घेईना. मी डाव्यासाठी वहीत एक खूण वाढवली: बाहेरून गेला की आतून? आमच्या तीन नंबरचे नऊपैकी सहा आतून गेले होते, आणि त्या सहांतले पाच पाच नंबरनं उचलले. मी ज्याला चुका म्हणत होतो, त्यातल्या निम्म्याहून जास्त ठरवून केलेल्या होत्या!

जोडी मोडून बघा

एवढं करूनही एक प्रश्न राहतोच. चांगला नेमका कोण? तीन नंबर आत ढकलतो म्हणून पाच नंबर साहेब दिसतो, की पाच नंबर मागं आहे म्हणून तीन नंबरला बिनधास्त राहता येतं?

याचं उत्तर मला बर्फावरच्या हॉकीतून मिळालं. माझी भाची कॅनडात असते. मागच्या हिवाळ्यात ती दोन महिने इकडं होती आणि पहाटे साडेपाचला लॅपटॉप उघडून बसायची, कारण तिथली संध्याकाळची सातची मॅच आपल्याकडं तेव्हा सुरू होते. मी मैदानावर निघायच्या आधी चहा घेत बघायचो. एकसष्ट मीटर लांब, सव्वीस मीटर रुंद बर्फ, गोली धरून सहा-सहा माणसं. डिफेन्सला दोघंच, आमच्या जुन्या फुलबॅकसारखे. एका संघात असे सहा जण, तीन जोड्या. पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळायचं आणि जोडीनंच बाहेर यायचं, दुसरी जोडी आत.

तिथं एक जुना आकडा असतो, प्लस-मायनस. आपण बर्फावर असताना आपल्या संघानं गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक; पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असताना केलेले गोल सोडून. भाचीनं सांगितलं, १९७०-७१ च्या मोसमात बोस्टनच्या बॉबी ऑर या डिफेन्समनचा आकडा अधिक १२४ होता, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. मी विचारलं, त्याच्या शेजारी कोण होतं? तर डॅलस स्मिथ. त्याचाही त्या मोसमातला आकडा नव्वदीच्या वर. ऑरला सर्वोत्तम डिफेन्समनचा नॉरिस करंडक सलग आठ वर्षं मिळाला, स्मिथचं नाव आज किती जणांना माहीत आहे? आता ते नव्वद स्मिथचे किती आणि ऑरचे किती? प्लस-मायनस हे सांगूच शकत नाही, कारण दोघं एका वेळी आत, एका वेळी बाहेर. गाडी वेळेवर पोचली तर ड्रायव्हर चांगला की कंडक्टर, असं विचारण्यासारखंच आहे. घाटातल्या अरुंद मुक्कामाला गाडी मागं घेताना स्टीअरिंग त्याच्या हातात असायचं, पण मागची दरड मला दिसायची आणि शिट्टी माझ्या तोंडात असायची.

म्हणून तिथले हिशोबी लोक प्रत्येक डिफेन्समनचा खेळ दोन भागांत तोडतात: या जोडीदाराबरोबर काय झालं आणि त्याच्याशिवाय काय झालं. आणि गोल कमी होतात म्हणून गोलाऐवजी गोलकडं मारलेले सगळे फटके मोजतात, अडलेले आणि चुकलेलेसुद्धा. दुखापती, शिक्षा, मॅच हातातून जाताना प्रशिक्षकानं केलेली अदलाबदल यामुळं जोड्या फुटतात आणि 'शिवाय'चा हिशोब आपोआप तयार होतो. ऐंशीच्या वर मॅचचा मोसम, त्यामुळं आकडेही भरपूर.

आपल्याकडं अडचण इथंच आहे. मैदानी हॉकीत माणसं कितीही वेळा बदलता येतात, पण शाळा-क्लबच्या मॅचला बॅक कुणी बदलत नाही. दोघं पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत एकत्र. 'शिवाय'चा रकाना कायम रिकामा. तो आपल्यालाच भरावा लागतो, प्रॅक्टिस मॅचमध्ये मुद्दाम जोडी मोडून.

मी तीन प्रकारे मोडतो, आणि एका वेळी एकच. एक, बाजू बदलायची: तीन नंबर उजवीकडं, पाच नंबर डावीकडं. दोन, जोडीदार बदलायचा: एकाला बाहेर बसवून तिसऱ्या पोराला त्याच्या जागी घालायचं, पुढच्या क्वार्टरला दुसऱ्याला बाहेर बसवायचं, पण तिसरा पोरगा तोच ठेवायचा. तीन, दोघांना तसंच ठेवून त्यांच्यापुढचा सेंटर हाफ बदलायचा. हा तिसरा प्रकार लोक विसरतात. पुढचा हाफ चाळण असेल तर मागं भारताचा बॅक हरमनप्रीत सिंग उभा केला तरी फेऱ्या येतच राहणार. फेऱ्या किती आल्या याचा जाब हाफ लाइनला विचारायचा. आलेल्या फेरीतून धोका किती वेळा झाला, हा जाब बॅकचा. हे दोन आकडे एकत्र मिसळू नका.

हिशोब सोपा आहे. समजा, अ आणि ब एकत्र असताना २० फेऱ्या आल्या आणि ५ धोके झाले: चार फेऱ्यांमागं एक. अ आणि तिसरा पोरगा क एकत्र: १२ फेऱ्या, ३ धोके. परत चारामागं एक. ब आणि क एकत्र: १२ फेऱ्या, ६ धोके. दोनामागं एक. वरवर बघता अ दोघांनाही ओढून नेतोय. पण घाई नको. अ बरोबर खेळताना क ला कुठल्या बाजूला घातलं होतं? ब च्या वेळी समोर तेच फॉरवर्ड होते का? ऊन कुणाच्या डोळ्यात होतं? आणि क नवखा असेल तर त्याला आधी चौथ्या कुणाबरोबर खेळवून त्याचा स्वतःचा अंदाज घ्या, नाहीतर क चं पाप ब च्या माथी बसेल. बारा फेऱ्यांवर मी तरी कुणाचं भवितव्य ठरवत नाही. चाळीस-पन्नास ओळी झाल्या की मग बोलायला लागतो.

दोघंही एकमेकांशिवाय घसरत असतील तर जोडी हीच मालमत्ता आहे, तिला हात लावू नका. दोघंही वेगळे झाल्यावर सुधारत असतील तर बहुतेक वेळा दोघं एकाच जातीचे असतात, दोघांनाही पुढं धावून टॅकल मारायची खाज, किंवा दोघंही मागंच सरकणारे. अशा दोघांत चांगला कोण हे शोधत बसू नका, दोघांना वेगवेगळे जोडीदार शोधा.

आमच्या तीन आणि पाचचं काय निघालं? बाजू बदलली तर पाच नंबर डावीकडं तीन नंबरइतकाच सुटायला लागला. तिथंच माझी पहिली समजूत गेली. तीन नंबर उजवीकडं गेल्यावर सुटेना, पण घेईनाही. सवयीनं बाहेरच्या बाजूला सरकत राहिला आणि मध्ये फाटक उघडं. मग पाच नंबरला बाहेर बसवून तीन नंबरबरोबर एक ज्युनियर घातला. सुटण्याचं प्रमाण तेच, धोके मात्र वाढले. म्हणजे मागची झाडलोट पाच नंबर करत होता, हे सिद्ध झालं. इथं थांबलो असतो तर पाच नंबरच्या नावानं निकाल लावून मोकळा झालो असतो. पण मग तीन नंबरला बसवून तोच ज्युनियर पाच नंबरबरोबर खेळवला. धोके जेमतेम वाढले, आणि पाचवा रकाना बिघडला. पाच नंबर बॉल जिंकत होता आणि लगेच घालवत होता. सरळ पुढं हिट, समोरच्याच्या स्टिकवर. हाच पोरगा एरवी शांतपणे पास काढायचा!

दोन क्वार्टर लागले कळायला. तीन नंबर शेजारी असला की पाच नंबरनं बॉल घेताक्षणी तो दहा पावलं मागं-डावीकडं सरकून स्टिक जमिनीवर आपटायचा: इकडं दे. पाच नंबर न बघता तिकडं पुश करायचा, आणि तीन नंबर मोकळ्या बाजूनं बॉल बाहेर काढायचा. माझ्या वहीत पास पाच नंबरच्या नावावर जमा होत होता. जागा करून देणाऱ्याचा रकानाच नव्हता. आता आहे, सहावा: पास घ्यायला कोण आला?

मोठ्या मॅचमधला 'शिवाय'

टीव्हीवर हा प्रकार बघायचा असेल तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या भारताच्या शेवटच्या तीन मॅच काढून बघा. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात आपला बॅक अमित रोहिदासला दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं आणि भारत उरलेला सगळा वेळ दहा जणांत खेळला. १-१ बरोबरी, मग शूटआउटमध्ये ४-२. उपांत्य सामन्यात तो बंदीमुळं नव्हताच आणि जर्मनीकडून २-३ हरलो. कांस्यपदकाच्या सामन्याला तो परत आला आणि स्पेनला २-१ हरवलं. यावरून 'रोहिदासशिवाय आपण हरतो' असं म्हणायचा मोह होतो, पण त्याच्याशिवायची अर्ध्याहून जास्त मॅच आपण जिंकलोय, तीही एक माणूस कमी असताना. एकेका मॅचच्या निकालावरून असं काही सिद्ध होत नाही. बघायचं ते वेगळं: तो नसताना पेनल्टी कॉर्नरला गोलमधून पहिला कोण धावतो, मधली जागा कोण भरतो आणि उरलेले बॅक किती मागं सरकतात.

पेनल्टी कॉर्नरचा हिशोब मात्र वेगळ्या पानावर ठेवा. तिथं गोली धरून पाच जण गोलरेषेमागं असतात आणि प्रत्येकाचं काम आधी ठरलेलं असतं. चालत्या खेळातल्या जोडीशी त्याचा संबंध थोडा. कॉर्नर मारण्याचं तर बॅकच्या हिशोबात धरूच नका. हरमनप्रीतनं पॅरिसमध्ये दहा गोल केले, १९७५ च्या क्वालालंपूरच्या विश्वचषकात अस्लम शेर खाननं उपांत्य सामन्यात बरोबरी साधली, सुरजित सिंगनं अंतिम सामन्यात गोल केला. सगळे बॅक, आणि सगळे लक्षात राहिले ते गोलामुळं. त्या मॅचेसमध्ये त्यांनी किती चढाया मोडल्या, हे कुणाला आठवतंय?

दोन साक्षी राहिल्या. एक, कान. शेवटच्या क्वार्टरला मी पाच मिनिटं पाठ करून उभा राहतो. कोण बोलतो, आणि काय बोलतो? 'अरे बघ बघ' ही हाक नव्हे, तो आरडाओरडा. 'डावीकडं एक', 'मी आहे, जा', 'थांब, जाऊ नको' या हाका. 'मी आहे' हे ऐकल्यावरच पहिला टॅकलला जातो. ज्या जोडीत ती हाक येत नाही, तिथं वहीत 'अडवला' कमी आणि 'सुटला' जास्त सापडतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता आधी ऐकतो, मग लिहितो.

दुसरी साक्ष गोलीची. त्याला मॅच झाल्यावर, बाकीचे नसताना, एकच प्रश्न विचारायचा: "कोण सुटल्यावर तुला भीती वाटते?" कोण चांगला, असं विचारू नका, दोस्ती आडवी येते. आमच्या गोलीनं सांगितलं, "मास्तर, तीन नंबर सुटला तर काय नाय वाटत, पाच येतोय माहीत असतं. पाच सुटला की मग मी पुढं पळतो." चार मॅचचं वेबिल भरून मला जे कळलं, ते पोराच्या पोटात आधीच होतं.

आणि एक तक्रार, कुणाचं नाव न घेता. एका निवड चाचणीला आमची दोन्ही पोरं गेली होती. तिथं शंकू ठेवून ड्रिबल करून घेतलं, हिटचा जोर बघितला आणि मग कधी एकमेकांचं तोंड न बघितलेल्या पोरांच्या जोड्या लावून दहा-दहा मिनिटं खेळवलं. पाच नंबर निवडला गेला, तीन नंबर राहिला. निवडीबद्दल माझं म्हणणं नाही, पाच नंबर लायकच आहे. पण शिबिराहून आल्यावर तो काय म्हणाला ते ऐका: "मास्तर, तिथं बॉल मागायला मागं कुणी येतच नाय. मग मारतो आपला पुढं." निवड तुमच्या हातात असेल तर चाचणीला येणाऱ्या बॅकला त्याच्या नेहमीच्या जोडीदाराबरोबर निदान एक क्वार्टर खेळवा, मग तोडा. आणि शिफारशीच्या कागदावर नुसतं 'उत्तम' लिहू नका. 'उजवीकडून खेळतो, कव्हर चांगला, हाक देतो, पास काढायला डावीकडं मागं येणारा जोडीदार लागतो' असं लिहा. एक ओळ जास्त लागते, पण पुढच्या प्रशिक्षकाचे दोन महिने वाचतात.

पोरांना वही दाखवायची तर दोघांना शेजारी बसवून दाखवा. एकेकट्याला दाखवली की एक जण रडतो आणि दुसरा शेफारतो. आमच्या दोघांना दाखवली तेव्हा तीन नंबर बराच वेळ स्वतःच्या नऊ 'सुटला'कडं बघत होता. पाच नंबरनंच त्यातल्या पाच ओळींवर बोट ठेवलं: "हे माझ्याकडं पाठवलेले."

त्या पालकांना सांगून ठेवलंय, येत्या रविवारी टोपी घालून या, सावलीत बसू नका, माझ्याबरोबर कोपऱ्यात उभे राहा. पहिला क्वार्टर वही त्यांच्या हातात, आणि बघायचं ते त्यांच्या पोराकडं नव्हे, उजवीकडच्याकडं.